पॉलिसी हातात आहे, पण संरक्षण नक्की कधीपासून? पुराच्या विम्यातली तारीख समजून घेऊया

जून उजाडला की द्रोणागिरीत आणि उरणच्या आसपासच्या गावांत एकच चर्चा सुरू होते: यंदा पाणी कुठपर्यंत येणार? तळमजल्यावरची कुटुंबं फ्रिजखाली विटा लावतात, दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर चढवतात, आणि कुणीतरी म्हणतं, ‘अरे, विमा काढून टाकूया का या वेळी?’ विचार चांगला आहे. पण या विचारात एक प्रश्न बहुतेक वेळा सुटून जातो, आणि नंतर सगळं भांडण त्याच प्रश्नावर होतं. तो प्रश्न म्हणजे: विमा लागू कधीपासून होतो?

पैसे भरले त्या दिवसापासून? पॉलिसीचा कागद आला त्या दिवसापासून? एजंटने ‘झालं काम’ म्हणून फोन केला तेव्हापासून? या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. पाणी घरात शिरलं ती वेळ आणि पॉलिसी सुरू झाली ती वेळ यांच्यात अर्ध्या तासाचा फरक असला तरी दावा मंजूर होणं किंवा नामंजूर होणं त्यावर ठरू शकतं. म्हणून हा विषय आम्ही सोप्या भाषेत मांडतो आहोत.

आपल्याकडे हा प्रश्न मोठा का

नवी मुंबईचा मोठा भाग खाडीकाठच्या सखल आणि भराव टाकलेल्या जमिनीवर उभा आहे. भरतीचं पाणी आत येऊ नये आणि पावसाचं पाणी साठवून ओहोटीला बाहेर सोडता यावं, म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. द्रोणागिरी नोडही त्याच पद्धतीचा. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की पाण्याला बाहेर जायला वाट राहत नाही. त्यात गेल्या काही वर्षांत रस्ते, रेल्वे, कंटेनर यार्ड यांसाठी भराव वाढला, पाणथळ जागा आणि खारफुटी कमी झाली. आसपासच्या गावांतले लोक हे बऱ्याच काळापासून सांगत आले आहेत.

इकडे वस्तीही वाढते आहे. सिडकोच्या २०१८ च्या १४,८३८ घरांच्या सोडतीत द्रोणागिरीचा समावेश होता. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल सुरू झाली, त्याच महिन्यात अटल सेतू खुला झाला. अनेक कुटुंबांनी आयुष्यभराची कमाई इथल्या घरात घातली आहे. पाणी आलं तर नुकसान कुणाचं, आणि भरून कोण देणार, हा प्रश्न त्यामुळे घरोघरी आहे.

‘पुराचा विमा’ म्हणजे नेमकी कोणती पॉलिसी?

अमेरिकेत पुरासाठी वेगळी सरकारी विमा योजना आहे. आपल्याकडे घरासाठी तशी वेगळी पॉलिसी सहसा नसते. पुराचं संरक्षण घराच्या किंवा दुकानाच्या आगीच्या विम्यातच येतं. विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२१ पासून तीन प्रमाण पॉलिसी आणल्या. घरासाठी ‘भारत गृह रक्षा’. एका ठिकाणची विमायोग्य मालमत्ता ५ कोटी रुपयांपर्यंत असलेल्या छोट्या धंद्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’. आणि ५ कोटींच्या वर ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. या तिन्हींत आग, भूकंप यांच्यासोबत वादळ, चक्रीवादळ, पूर आणि पाणी साचून होणारं नुकसानही धरलेलं आहे.

भारत गृह रक्षामध्ये घराची किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे, तर घर पुन्हा बांधायचा खर्च. उदाहरणार्थ, चटई क्षेत्र ६०० चौरस फूट आणि बांधकामाचा दर २,५०० रुपये धरला तर विम्याची रक्कम १५ लाख. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सर्वसाधारण सामानासाठी त्याच्या २० टक्के, म्हणजे इथे ३ लाख रुपयांचं संरक्षण आपोआप मिळतं; त्याची कमाल मर्यादा १० लाख आहे. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तू त्यात येत नाहीत, त्या वेगळ्या सांगून घ्याव्या लागतात. भाडेकरू फक्त सामानाचा विमा घेऊ शकतो.

ही पॉलिसी एका वर्षापासून १० वर्षांपर्यंत घेता येते. तारखेच्या दृष्टीने हा मोठा फायदा आहे. तो कसा, ते पुढे येतंच.

एका पॉलिसीत किती तारखा?

कागद हातात घेतला की त्यावर निदान चार-पाच तारखा दिसतात. त्या एकमेकींत मिसळल्या की गोंधळ होतो.

पहिली, प्रस्तावाची तारीख. या दिवशी आपण फॉर्म भरला. याने फक्त मागणी नोंदली गेली, संरक्षण सुरू झालं नाही.

दुसरी, हप्ता भरल्याची तारीख. कंपनीला पैसे मिळाल्याची ही तारीख. हिचं महत्त्व कायद्यातच सांगितलेलं आहे.

तिसरी, पॉलिसी जारी झाल्याची तारीख. या दिवशी कागद तयार झाला, सही-शिक्का झाला.

चौथी, जोखीम सुरू होण्याची तारीख आणि वेळ. हीच खरी. कागदावर ‘पॉलिसीचा कालावधी’ किंवा ‘विम्याचा कालावधी’ अशा शीर्षकाखाली ती असते. तिच्याशेजारी ००:०० किंवा एखादी विशिष्ट वेळ छापलेली असते.

पाचवी, संपण्याची तारीख आणि वेळ. ही बहुधा शेवटच्या दिवशी रात्री ११ वाजून ५९ मिनिटं अशी असते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. चाँदाच्या हिशेबात आपला दिवस मगरिबला बदलतो. विम्याचा दिवस मात्र रात्री १२ ला बदलतो. ‘१५ जून, ००:००’ म्हणजे १४ जूनची रात्र संपून १५ सुरू होते तो क्षण, १५ जूनची रात्र नव्हे. १५ जूनच्या संध्याकाळी पाणी आलं तर या पॉलिसीत ते बसतं. १४ जूनच्या इशानंतर, रात्री १० वाजता आलं तर बसत नाही.

कायदा काय म्हणतो

विमा कायदा १९३८ चं कलम ६४ व्हीबी या सगळ्याचा पाया आहे. त्याचा अर्थ सरळ आहे: हप्ता आगाऊ मिळाल्याशिवाय कंपनीने जोखीम घ्यायची नाही. हप्ता किती ते आधीच ठरवता येत असेल, तर तो रोख किंवा चेकने भरला त्या तारखेच्या आधीपासून जोखीम सुरू होऊ शकत नाही. मनीऑर्डर किंवा टपालाने पाठवलेल्या चेकच्या बाबतीत ती बुक केल्याची किंवा टपालात टाकल्याची तारीख धरता येते.

यातून पहिली गोष्ट निघते. ‘मागची तारीख घालून पॉलिसी काढून देतो’ असं कुणी म्हणालं तर त्याच्यापासून लांब राहा. पाणी येऊन गेल्यावर मागच्या तारखेचा विमा कायद्याने होत नाही. तसा कागद दाखवून दावा करणं ही फसवणूक आहे. त्यात कायद्याने आपण अडकतो, आणि दीनच्या दृष्टीनेही ती खोटी गवाहीच आहे.

दुसरी गोष्ट चेकची. चेक दिला, पॉलिसी मिळाली, पण चेक परत गेला तर? सर्वोच्च न्यायालयासमोर असं एक प्रकरण आलं होतं. गाडीच्या विम्याचा चेक डिसेंबर १९९३ मध्ये दिला, काही दिवसांत अपघात झाला, आणि त्यानंतर चेक न वटता परत आला. २००१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हप्ताच मिळाला नाही तर कंपनीवर भरपाईची जबाबदारी नाही. म्हणून खात्यात पैसे आहेत ना, याची खात्री करूनच चेक द्या. ऑनलाइन भरलं तर ‘पेंडिंग’ दिसत असताना निर्धास्त होऊ नका. पावती आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवा.

तिसरी गोष्ट एजंटची. आपल्याकडे ओळखीच्या एजंटला रोख दिले की काम झालं असं मानतात. कायद्याने एजंटने जमा केलेला हप्ता बँक आणि टपालाच्या सुट्ट्या वगळून २४ तासांत कंपनीकडे द्यायचा असतो. पण त्याने उशीर केला तर? जीवन विम्याच्या एका प्रकरणात ग्राहकाने हप्त्याचा चेक एजंटकडे दिला होता. ग्राहकाचा अपघाती मृत्यू झाला आणि त्यानंतर एजंटने पैसे भरले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हप्ता घेण्याचा अधिकार नसलेल्या एजंटला दिलेले पैसे म्हणजे कंपनीला दिलेले पैसे नव्हेत. कुटुंबाचा दावा गेला. म्हणून हप्ता थेट कंपनीच्या नावाने भरा. एजंटची मदत फॉर्मसाठी घ्या, पैशासाठी नको.

चौथी गोष्ट गप्प बसण्याची. पैसे भरले, कंपनीने काहीच कळवलं नाही, म्हणजे मान्यच केलं असं नाही. १९८४ च्या एका जीवन विमा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की प्रस्ताव आणि हप्ता घेतला म्हणजे करार झाला असं होत नाही. कंपनीने प्रस्ताव स्वीकारल्याचं कळवावं लागतं. घराच्या विम्यातही हप्ता भरून पॉलिसी आली नाही तर दोन दिवसांत विचारणा करा, आणि ती लेखी करा.

तारीखच नव्हे, वेळही

पॉलिसीवर फक्त तारीख आहे, वेळ नाही, तर काय? १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या विम्यात सांगितलं की अशा वेळी पॉलिसी त्या दिवसाच्या सुरुवातीपासून, म्हणजे आदल्या मध्यरात्रीपासून लागू धरावी. पण नंतरच्या निकालांत हेही स्पष्ट झालं की पॉलिसीवर विशिष्ट वेळ लिहिलेली असेल तर त्या वेळेपासूनच ती लागू होते. एका प्रकरणात अपघात दुपारी २ वाजून २० मिनिटांनी झाला आणि पॉलिसी घेतली २ वाजून ५५ मिनिटांनी. पस्तीस मिनिटांचा फरक. भरपाई देण्याची जबाबदारी कंपनीवर आली नाही.

हे निकाल गाडीच्या विम्याचे असले तरी त्यातलं तत्त्व साधं आहे: जे छापलंय ते बघितलं जातं. आजकाल बहुतेक पॉलिसी संगणकावर निघतात आणि मिनिटासकट वेळ छापतात. त्यामुळे ‘त्याच दिवशी काढली होती’ एवढं म्हणणं पुरत नाही.

आभाळ भरून आल्यावर काढलेला विमा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. रायगडमध्ये घरांची कौलं उडाली, सुपारी-नारळाच्या बागा झोपल्या. हवामान खात्याचे इशारे त्याच्या आधीपासून येत होते. समजा, एखाद्याने २ जूनला दुपारी घराचा विमा काढायला घेतला असता, तर काय झालं असतं?

एक, कंपनीने नकार दिला असता. धोका समोर दिसत असताना जोखीम घ्यायची की नाही, हा निर्णय कंपनीचा असतो. दोन, कंपनीने पॉलिसी दिली असती, पण सुरुवात ३ किंवा ४ जूनच्या मध्यरात्रीपासून. मग वादळ कोणत्या बाजूला पडतं ते घड्याळावर. तीन, पाणी आधीच घरात असेल आणि ते लपवून पॉलिसी घेतली असेल, तर दावा टिकत नाही. विमा हा अनिश्चित गोष्टीचा असतो. घडून गेलेल्या किंवा घडत असलेल्या नुकसानीचा नसतो. शिवाय दोन्ही बाजूंनी खरं सांगणं ही या कराराची अट आहे.

लोकांनी नेमकं पाणी येताना विमा काढू नये म्हणून जगभर काही ना काही बंधन असतं. अमेरिकेच्या सरकारी पूर विम्यात पैसे भरल्यानंतर साधारण ३० दिवस थांबावं लागतं. घराचं कर्ज घेताना काढलेल्या विम्यासारखे थोडे अपवाद आहेत. आपल्याकडे भारत गृह रक्षाच्या प्रमाण मसुद्यात अशी ३० दिवसांची अट नाही. पण जुन्या फायर टॅरिफमध्ये एक नियम होता. सुरुवातीला वादळ-पुराचं संरक्षण वगळून हप्ता कमी केला आणि मध्येच ते जोडायचं ठरवलं, तर हप्ता भरल्यापासून १५ दिवसांनीच ते लागू व्हायचं. टॅरिफचे दर गेले, तरी पूर वगळून पॉलिसी घेण्याची पद्धत मोठ्या गोदामांच्या आणि कारखान्यांच्या विम्यात आजही दिसते. तुमच्या पॉलिसीत पूर वगळलेला तर नाही ना, आणि तो नंतर जोडला असेल तर जोडणी कोणत्या तारखेपासून, हे जरूर वाचा.

सगळ्यात जास्त फटका: नूतनीकरणाची खिंड

नवा विमा काढण्यापेक्षा जुना चालू ठेवण्यातच जास्त चुका होतात. समजा, एका कुटुंबाची घराची पॉलिसी १४ जुलैच्या रात्री संपली. घरात लग्नाची गडबड होती, मेसेज राहून गेला. १८ जुलैला मोठ्या भरतीत पाणी शिरलं. २० तारखेला आठवण झाली, हप्ता भरला, नवी पॉलिसी २१ जुलैपासून सुरू झाली. कागदावर पाहिलं तर या कुटुंबाने वर्षानुवर्षं विमा भरला आहे. पण १५ ते २० जुलै हे सहा दिवस उघडे आहेत. पाणी नेमकं त्याच सहा दिवसांत आलं. भरपाई शून्य.

बरेच जण म्हणतात, ‘महिनाभर सवलत असते ना?’ ती सवलत जीवन विम्यात आणि आरोग्य विम्यात ऐकलेली असते. घराच्या आणि गाडीच्या विम्यात संपलेली मुदत म्हणजे संपलेली मुदत. उशिरा भरलेला हप्ता मागचे दिवस झाकत नाही.

इथे दीर्घ मुदतीची पॉलिसी कामाला येते. तीन, पाच किंवा १० वर्षांची भारत गृह रक्षा एकदा घेतली की दर पावसाळ्यात तारीख आठवण्याची गरज राहत नाही. शिवाय दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत विम्याची रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. एका वर्षाचीच परवडत असेल, तर ती एप्रिल-मेमध्ये संपेल अशी ठेवा. म्हणजे नूतनीकरण पावसाच्या आधी होतं आणि काही अडचण आली तरी हातात वेळ असतो.

मधल्या बदलांनाही तारीख असते

पॉलिसी पत्त्याशी बांधलेली असते. जुन्या घरातून नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलात तर विमा सामानासोबत आपोआप जात नाही. रक्कम वाढवली, नवी खोली जोडली, पत्ता बदलला, तर कंपनी त्याचं जोडपत्र देते. त्या जोडपत्राला स्वतःची लागू तारीख असते. १० जूनला अर्ज केला आणि जोडपत्र १६ जूनपासून लागू झालं, तर मधल्या दिवसांत जुनीच स्थिती धरली जाते.

घर बंद ठेवणाऱ्यांनी जास्त काळजी घ्यावी. आपल्या कोकणी कुटुंबांत घरातले कर्ते आखातात आणि बाकीचे मुंबईत, अशी अनेक घरं आहेत. कुणी उमराहून पुढे नातेवाइकांकडे जातं आणि घर दोन-दोन महिने कुलपात राहतं. घर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त बंद राहणार असेल तर आधी कंपनीला कळवा आणि उत्तर लेखी घ्या. तारखा सगळ्या बरोबर असूनही अशा मुद्द्यावर दावा अडकू शकतो.

कर्ज आणि सोसायटीचा विमा

‘बँकेने विमा काढलाय’ हे वाक्य आम्ही फार ऐकतो. त्यात तीन गोष्टी तपासा. तो विमा घराचा आहे की कर्जदाराच्या जीवनाचा? बरेचदा तो जीवनाचाच असतो आणि पाण्याशी त्याचा संबंध नसतो. घराचा असेल तर तो किती वर्षांचा? कर्ज २० वर्षांचं आणि विमा पहिल्या वर्षाचा, असंही असू शकतं. आणि त्यात सामान धरलंय की फक्त इमारत?

सोसायटीचंही तेच. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा आग आणि भूकंप यांचा विमा काढायला सांगितलं आहे. पूर त्यात आहे का, पॉलिसी कधी संपते, हे वार्षिक सभेत विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि सोसायटीचा विमा इमारतीचा असतो. तुमच्या घरातलं कपाट, गादी, वॉशिंग मशीन त्यात सहसा येत नाही.

गाडी आणि रिक्षा

पार्किंगमध्ये पाणी शिरलं की सगळ्यात आधी गाड्या बुडतात. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुरात झालेलं आपल्या गाडीचं नुकसान मिळत नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’ म्हणजे स्वतःच्या नुकसानीचा भाग हवा.

इथे तारखेचा एक सापळा आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या चारचाकीला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. पण अनेकदा ओन डॅमेज एकाच वर्षाचं असतं. एकाच कागदावर दोन वेगळ्या संपण्याच्या तारखा. लोक मोठी तारीख पाहतात आणि ‘पाच वर्षं चिंता नाही’ म्हणतात. स्कूटर तिसऱ्या पावसाळ्यात बुडते तेव्हा कळतं की ओन डॅमेज आधीच संपलं.

गाडीची पॉलिसी खंडित झाली असेल तर कंपनी आधी गाडीची पाहणी करते, मग नवी मुदत सुरू करते. खंड ९० दिवसांपेक्षा जास्त झाला तर नो क्लेम बोनसही जातो. आणखी एक: पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सेल मारून चालू करू नका. त्याने इंजिनात पाणी जाऊन झालेलं नुकसान इंजिन संरक्षणाचं जादा कव्हर नसेल तर बहुधा नाकारलं जातं.

पाणी आलं ती तारीख कशी सिद्ध करायची

मुदतीच्या आत घटना घडली, हे दाखवायची वेळ आली तर शब्दावर भागत नाही. २१ जुलै २०२१ ला बकरी ईद होती. त्याच रात्री आणि दुसऱ्या दिवशी चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं. ईदसाठी भरलेला माल, फ्रीजरमधलं सामान, दुकानांतल्या वह्या सगळं वाहून गेलं. कुणाची पॉलिसी त्याच आठवड्यात संपत किंवा सुरू होत असेल, तर पाणी २१ च्या रात्री ११ ला आलं की २२ च्या पहाटे, हा फरक कळीचा ठरू शकतो.

म्हणून पाणी शिरायला लागल्यावर जीव सांभाळून, जमेल तेव्हा मोबाईलवर फोटो आणि व्हिडिओ काढा. मोबाईल त्यावर वेळ नोंदवतो. भिंतीवरची पाण्याची खूण पुसू नका. ओलं सामान सर्वेक्षक येण्याआधी फेकू नका. फेकावंच लागलं तर आधी फोटो आणि यादी करा. तलाठ्याचा किंवा स्थानिक प्रशासनाचा पंचनामा झाला तर त्याची प्रत घ्या. कंपनीला लगेच कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. भारत गृह रक्षामध्ये नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत दाव्याचा फॉर्म द्यायचा असतो. ही तारीखही पाळायलाच हवी.

शरिअतचा प्रश्न

विमा जायज आहे का, हा प्रश्न आमच्या वाचकांना पडतो आणि तो पडायलाच हवा. ओआयसीच्या फिकह अकादमीने १९८५ मध्ये जेद्दाच्या बैठकीत ठरावीक हप्त्याचा व्यापारी विमा नाजायज आणि परस्पर सहकार्यावरचा विमा जायज ठरवला. त्याच पायावर अनेक देशांत तकाफुल चालतं. आपल्याकडे विमा कंपन्या तकाफुल पद्धतीने चालत नाहीत. भारतातल्या उलेमांमध्ये इथली परिस्थिती आणि गरज पाहून सवलत देणारं मतही आहे. आणि गाडीचा थर्ड पार्टी विमा तर कायद्याने सक्तीचाच आहे. फतवा देणं आमचं काम नाही. आपल्या भरोशाच्या मुफ्तींना आपली परिस्थिती सांगून विचारा. मात्र ज्यांनी विमा घेतलाच आहे किंवा कर्जामुळे घ्यावा लागला आहे, त्यांनी निदान तो नीट वाचावा. उंट बांधून मग तवक्कुल करायची शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. अर्धवट बांधलेल्या दोरीचा काय उपयोग?

दावा तारखेवरून नाकारला तर

नकार तोंडी घेऊ नका. कारण आणि पॉलिसीतलं कलम लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज करा. त्यासोबत आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. एका महिन्यात समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद ऐकले जातात. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत तिथे पोहोचायला हवं. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. त्यासाठी मुदत दोन वर्षं, आणि रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे.

तारखेच्या वादात आपली बाजू उभी राहते ती तीन कागदांवर: हप्त्याची पावती, पॉलिसीचं पहिलं पान आणि पाणी आल्याच्या वेळेचा पुरावा.

आज रात्री दहा मिनिटं काढा

इशानंतर घरातले सगळे एकत्र बसतात तेव्हा पॉलिसीची फाईल काढा. घराची, दुकानाची, गाडीची. प्रत्येकीवर सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख-वेळ पेनने गोल करा. पूर धरलाय की वगळलाय ते पाहा. पत्ता बरोबर आहे का बघा. संपण्याच्या एक महिना आधीची आठवण दोन जणांच्या मोबाईलमध्ये लावा. एकाच्याच भरोशावर नको. कागदाचे फोटो काढून गावाबाहेरच्या एका नातेवाइकाकडे पाठवून ठेवा, कारण पाणी येतं तेव्हा फाईलही भिजते.

शेजारी एखादी विधवा बहीण किंवा वयस्कर चाचा-चाची एकटे राहत असतील, तर त्यांचीही पॉलिसी वाचून द्या. इंग्रजीतलं बारीक छापलेलं पान त्यांना एकट्याने वाचणं कठीण जातं. पावसाळ्याआधी मोहल्ल्यात करता येण्यासारखं हे एक साधं काम आहे.

अल्लाह सर्वांची घरं आणि माणसं सुखरूप ठेवो. आमीन.